वर बघणाऱ्या मातेची हरकत

ऐतिहासिक शहरात राहण्याचा खरा अधिकार मेलेल्यांचा असतो. जिवंत माणसं तिथे नुसती वहिवाटीने राहतात. हे तत्त्व एकदा मनापासून पटलं की बाकीचं सगळं सोपं जातं. भिंतीला ओल का, खिडकीला काच का नाही, जिना मधेच का संपतो, असले प्रश्न पडेनासे होतात. मला हे तत्त्व फार लवकर पटलं. आमच्या गल्लीच्या ‘कौलमित्र मंडळा’ची मी चिटणीस आहे ती काही उगाच नाही.

आमचं आंतिग्वा एके काळी राजधानी होतं. मग मोठा भूकंप झाला आणि राजधानी सामान बांधून पलीकडच्या खोऱ्यात निघून गेली. जाताना सरकार, टांकसाळ आणि बरी बरी लग्नाची मुलं घेऊन गेली. पडलेल्या भिंती तेवढ्या इथे ठेवल्या. (जड होत्या.) तेव्हापासून आम्ही त्या भिंतींवर पोट भरतो. दुसरी गावं काहीतरी बांधून मोठी होतात, आम्ही न बांधून मोठे झालो. पडकं चर्च नीटनेटकं पडकं ठेवायला काय कष्ट पडतात हे ज्याने ठेवलंय त्यालाच ठाऊक.

या कष्टांवर देखरेख करायला ‘छतशोभा कचेरी’ आहे. तिचा मुख्य नियम कोणालाही कळेल इतका साधा आहे: रस्त्याने जाणाऱ्याला छपरावर कौलं, शेवाळ आणि (परंपरेने) मांजर एवढंच दिसावं. पाण्याची टाकी दिसू नये. अँटेना दिसू नये. वाळत घातलेले कपडे दिसले तर चालतात, पण ते हातमागाचे हवेत. हा नियम आमच्याच मंडळाने सुचवला होता. शुद्धलेखन माझं. कचेरीच्या ताज्या पाहणीप्रमाणे शहरातली त्र्याण्णव टक्के छपरं शोभिवंत आहेत. उरलेल्या सात टक्क्यांखाली माणसं राहतात.

मी त्या सात टक्क्यांतली. घराच्या पुढच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. दारावर मी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: ‘इथे काळ थांबला आहे.’ शाळा मी सहावीत सोडली. पुढचं शिक्षण पाहुण्यांनी खोलीत टाकून दिलेल्या पुस्तकांवर झालं. (त्यामुळे माझं ज्ञान हे अर्ध्यात कंटाळलेल्या माणसांचं ज्ञान आहे. कुठल्याही विषयाचा शेवट मला विचारू नये.)

मागच्या खोलीत बाबा असतात. एर्मोखेनेस त्यांचं नाव, पण सगळं गाव ‘मास्तर’ म्हणतं, कारण बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर ट्युबा, म्हणजे पितळेचा भला मोठा भोंगा, वाजवला. उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे पालख्या निघतात. रस्त्यावर लाकडाच्या रंगीत भुशाची रांगोळी, त्यावरून जांभळ्या झग्यातले भोई, त्यांच्या खांद्यावर घराएवढी लाकडी पालखी, तीवर क्रूस वाहणारा येशू, पुढे धुपाचे ढग आणि मागे बँड. बँड नेहमी मागेच. म्हणजे पालखीपुढे जळलेला सगळा धूप मागच्या मागे बाबांच्या ट्युब्यात जायचा, आणि बाबा तो सुरात परत करायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमची फुफ्फुसं झिजली.”

“वापरली म्हणून झिजली,” बाबा म्हणाले. “तुमची बघा, कोरी असतील.”

तेव्हापासून त्यांच्या खाटेशी ऑक्सिजनचं मशीन आहे. हवा ओढून ते नळीतून बाबांच्या नाकात सोडतं, आणि सोडताना गुरगुरतं. बाबांच्या मते ते खर्जात आहे पण बेसूर आहे. ते विजेवर चालतं. आणि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर हाही वारसाच. पाऊस आला की जातो, वारा आला की जातो, आणि दोन्ही आलं नाही तर वाट बघून जातो. लाइट गेली की मशीन आधी किंचाळतं, मग गप्प होतं. मग मी धावत जाऊन लोखंडी नळकांडं जोडते. ते पुरतं तेवढं पुरतं. नंतर आम्ही दोघं लाइटची वाट बघतो. मी घड्याळ बघते, आणि बाबा मला धीर देतात, एकेक शब्द सुटा सुटा करून.

अशा एका दुपारी दारातली पाटी माझ्या नजरेस पडली. ‘इथे काळ थांबला आहे.’ अक्षर छान होतं.

म्हणून मी छपरावर सोलरची पॅनेलं बसवायची ठरवली. पॅनेलं आणि बॅटरी बाबांच्या ट्युब्यावर आली, म्हणजे ट्युबा विकून आली. मला वाईट वाटलं. बाबांना नाही. “त्याने माझा श्वास घेतला होता,” ते म्हणाले, “आता परत करतोय. सगळेच ट्युबे हिशेब ठेवतात असं नाही, पण हा सज्जन होता.”

रीतसर अर्ज केला. कचेरीने आर्की बाउदिलियो यांना पाठवलं. (आमच्याकडे पदवी नावाच्या आधी लावतात आणि प्रेमाने आखूड करतात. आर्किटेक्टचा आर्की होतो. नुसत्या बायकांची सेन्यो होते.) आर्की हा फार शिस्तीचा, फार सभ्य माणूस. बारा महिने काखेत छत्री. पॅनेलं छपराच्या आतल्या उतारावर, अंगणाच्या बाजूला बसायची होती. तिथे वायरमन फिदेन्सियोने नमुन्यादाखल एक पॅनेल दोरीने बांधून ठेवलं होतं. आर्की समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, वाकले, टाचा उंचावल्या, गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन आले, आणि कागदावर लिहिलं: ‘रस्त्यावर उभ्या असलेल्या जिवंत माणसास काहीही दिसत नाही.’

मी कॉफी टाकायला वळले. तेवढ्यात त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

“सेन्यो, पालखी या कोपऱ्यावर थांबते ना हो?”

“थांबते. भोई बदलतात इथे.”

“किती वेळ?”

“बँडचा एक अख्खा मार्च वाजून होतो,” आतून बाबा म्हणाले. “सावकाशीतला.”

“मग घोडं अडलं,” आर्की म्हणाले, आणि कागद परत पिशवीत ठेवला.

त्यांचं म्हणणं इतकं चोख होतं की चिटणीस म्हणून माझी छाती भरून आली. नियम रस्त्याने जाणाऱ्यांसाठी आहे. रस्त्याने फक्त माणसंच जातात का? पालखीही जाते. पालखीतली मूर्ती आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी, सगळ्यांपेक्षा सज्जन, आणि वारशाच्या नोंदीत आहे. (आमच्यापैकी कोणीच नाही.) तिची नजर कौलांच्या वर पोचते. तेव्हा शहराच्या शोभेवर पहिला हक्क कोणाच्या डोळ्यांचा, हे सांगायला आर्किटेक्टच कशाला हवा?

येशूचं लवकर निकालात निघालं. तो क्रूसाखाली वाकलेला, नजर दगडी फरशीवर. त्याला छप्पर दिसणं शक्य नाही. पण त्याच्यामागे त्याच्या आईची, व्याकूळ मातेची पालखी येते. ती बायका वाहतात. आणि माता, जगातल्या सगळ्या व्याकूळ मातांप्रमाणे, वर बघते.

प्रयोग करणं भाग होतं. कोपऱ्यावर शिडी लावली. आर्की मातेच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत चढले. मान कितपत कलते हे ठरवायला मातेचा फोटो आणला होता. नजरेचा कोन बरोबर यावा म्हणून त्यांनी मातेसारखेच हात छातीशी जोडले आणि बोटांत रुमाल धरला. (छत्री मी सांभाळली.) पाववाल्याची सायकल थांबली, शाळेची बस थांबली, एका पर्यटक बाईने दोन बोटांनी क्रूसाची खूण केली. आर्की बराच वेळ आभाळाकडे व्याकूळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “दिसतो. एक कोपरा.”

निकाल तिथेच, शिडीवरूनच झाला: येशूची हरकत नाही. मातेची आहे.

“घरोघरी तेच,” बाबा म्हणाले.

अर्ज नामंजूर झाला. निकालपत्राची भाषा सुंदर होती. मी ते मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वाजवून होतायत तोच लाइट गेली आणि मी घराकडे पळाले.

आमची शेजारीण दोन्या चुस शनिवारी तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात बांधून उकडलेले उंडे, विकते. इथली रीत अशी की शनिवारी ज्या दारावर लाल दिवा लागला तिथे तमाल तयार आहेत असं समजावं, आणि जाऊन घ्यावेत. लाइट गेली की लाल दिवा जातो. दिवा गेला की, तमाल उकळत असोत नाहीतर नसोत, गावाच्या लेखी ते नाहीत. म्हणजे सोलरच्या प्रश्नात दोन्या चुसचाही जीव गुंतला होता, फक्त जरा वेगळ्या अवयवाने.

“तू पण ना, शिकून वाया गेलीस,” ती मला म्हणाली. “परवानगी मागितलीस म्हणून नाही मिळाली. उपासाचे दिवस लागतायत. मातेच्या स्वागताला घरावर काही मांडलं तर कुठली कचेरी बोलते? त्या दातांच्या डॉक्टरने मागल्या वर्षी गच्चीवर येशूला क्रूसावर दिलं तो अख्खा कालवारीचा डोंगर केला, कारंज्यासकट. कोणी चकार शब्द काढला?”

“पण दोन्या चुस, हे पॅनेल आहे.”

“त्याला जांभळं कापड लाव की मग.”

मी नियम काढून पाहिले. खरोखरच, पालखीच्या मार्गावर भक्तिभावाने केलेल्या हंगामी सजावटीला परवानगी लागत नव्हती. सजावटीतून वीज निघू नये असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. (शुद्धलेखन मी तपासलं होतं; विचार तपासायचं काम माझं नव्हतं.)

फिदेन्सियो आला. हा मनुष्य ‘काळजीच नको’ या दोन शब्दांवर वायरिंग करतो. पहिल्या खेपेला त्याने बॅटरी उलटी जोडली आणि दोन्या चुसचं रेडिओ-यंत्र कायमचं मौनात गेलं. दुसऱ्या खेपेला जमलं. चारही पॅनेलांना जांभळी झालर लावली, कडेने ताडाची फुलं खोवली, मधे एक मेणबत्ती. खाली वायर आली ती दोन प्लगांच्या एका लाकडी फळीत. उजव्या प्लगला बाबांचं मशीन. डाव्यातून एक तार भिंतीच्या भोकातून पलीकडे, दोन्या चुसच्या लाल दिव्याला.

गुड फ्रायडेला माता आली. कोपऱ्यावर थांबली. वर पाहिलं. मी दारात श्वास रोखून उभी. आत बाबा नळी लावून खुर्चीवर, गुडघ्यावर बोटांनी ट्युब्याच्या कळा दाबत. आर्की बाउदिलियो पालखीच्या बाजूने चालत होते, हातात मिटलेली छत्री. त्यांनीही वर पाहिलं, मग मातेकडे पाहिलं, मग फरशीकडे. तिच्या मनात काय आलं हे कोणालाच सांगता यायचं नाही. पण पालखीच्या भोयांतली एक बाई नंतर म्हणाली, की त्या छपरापाशी माता क्षणभर जड झाली. (होणारच. अर्ध्या बायका खांदा बदलत होत्या.)

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्याच संध्याकाळी, शनिवारी, सगळ्या भागाची लाइट गेली, आणि अख्ख्या गल्लीत दोनच ठिकाणी उजेड राहिला: आमच्या खिडकीत, आणि दोन्या चुसच्या दारावर लाल. आदल्या दिवशी माता जिथे बघत होती, नेमकं तिथे.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तीन मेणबत्त्या होत्या. आठवड्याभरात फुलं आली. मग लोक मोबाइल घेऊन येऊ लागले. त्यांना चार्जिंग म्हणायला संकोच वाटे, म्हणून ते ‘जरा वेळ मातेपाशी ठेवते’ म्हणत. डाव्या प्लगला मी एक लांब पट्टी जोडली.

आता अडचण अशी, की हंगामी सजावट हंगाम संपल्यावर उतरवावी लागते. पण आमच्या गावात हंगाम संपतो असं ज्याला वाटतं तो आमच्या गावचा नव्हे. जांभळी झालर निघाली त्या संध्याकाळी पांढरी लागली. मग पुढीलप्रमाणे:

येशूच्या देहाच्या, म्हणजे कॉर्पसच्या सणाला: पिवळी फुलं.

जुलैत, ग्रामदेव सान्तियागोच्या जत्रेला: कागदी घोडा. (याची सावली पडून एक पॅनेल बंद. घोड्याची शेपूट कापली.)

सप्टेंबरात, स्वातंत्र्यदिनाला: निळ्या-पांढऱ्या पताका.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाला (तेव्हा स्मशानात पतंग उडवायची रीत आहे): पतंग. पॅनेलं चौकोनी असल्याने फार कष्ट पडले नाहीत.

डिसेंबरात, सैतान जाळण्याच्या रात्री: पॅनेलांशेजारी कागदाचा सैतान. हा विचार फिदेन्सियोचा. झालर गेली, पॅनेलं वाचली.

नाताळात: डोंगर, गुरं, तीन राजे, आणि गोठ्याचं छप्पर म्हणून पॅनेल. बाबांच्या मते बाळ येशूच्या जन्माची यापेक्षा व्यवहारी सोय इतिहासात झालेली नाही.

आणि पुन्हा जांभळी.

या वर्षभरात मशीन एकदाही किंचाळलं नाही. बाबांचे गाल भरले. ते अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बँडच्या भानगडी सांगू लागले. मी दारावरच्या पाटीखाली बारीक अक्षरात ओळ वाढवली: ‘इथे काळ थांबला आहे. (चार्जिंगची सोय.)’

पण जी गोष्ट आमच्या गावात दोनदा होते ती परंपरा होते, आणि परंपरा झाली की कचेरी येते. आर्की आले ते गळ्यातच पडले.

“अभिनंदन, सेन्यो. कचेरीच्या मंडळींनी एकमताने ठरवलं. तुमची ‘प्रकाशवेदी’ आता शहराचा जिवंत वारसा. दारावर दगडी फलक लागेल. ‘प्रथेचा उगम अज्ञात’ असं लिहितोय.”

“उगम फिदेन्सियो आहे,” दोन्या चुस भिंतीपलीकडून ओरडली.

“म्हणजे आता पॅनेलं काढावी लागणार नाहीत?” मी विचारलं.

“काढणं सोडाच. आता त्यांना कोणी हातही लावू शकणार नाही.”

“कोणीच?”

“कोणीच.”

“मीही?”

“तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही परंपरेच्या वाहक आहात.”

मला गहिवरून आलं, हे मी लपवत नाही. त्या दिवशी मंडळाच्या सभेत मी माझ्याच अभिनंदनाचा ठराव लिहिला, आणि त्यात ‘स्पर्शमुक्त’ हा शब्द घातला. तो मी नवाच बनवला होता. सगळ्यांना फार आवडला.

मग फ्वेगोने राख टाकली.

फ्वेगो आमचा ज्वालामुखी. तो रोजच धुमसतो. आम्ही त्याकडे जावयाकडे बघावं तसं बघतो, म्हणजे आदराने आणि दुरून. त्याची चिमूटभर राख पडतच असते. पण त्या सकाळी वारा आमच्याकडे फिरला आणि आभाळातून चाळणीने चाळावी तशी राख उतरली. अंगण राखाडी, लिंबाचं झाड राखाडी, मांजर राखाडी. (मांजर मुळात राखाडीच, पण त्या दिवशी शोभून दिसत होतं.) तारांवर राख बसून ठिणग्या उडाल्या आणि शहराची लाइट गेली. हरकत नव्हती, आमची पॅनेलं होती. मी वर पाहिलं. चारही पॅनेलांवर जाड साय धरली होती.

दुपारपर्यंत बॅटरीचा हिरवा दिवा पिवळा झाला. नळकांडं भरायला दिलेलं, आणि रस्ता बंद. मी स्वतः धावत जाऊन आर्कींना बोलावून आणलं. ते छत्री उघडून आले. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काम निघालं होतं.

“झाडून टाकू ना?” मी विचारलं.

“सेन्यो, ही वारसावस्तू आहे. तिच्यावर बसलेला थर हाही तिच्या इतिहासाचा भाग. राजधानीतून तज्ज्ञ येतील, मऊ कुंचल्याने...”

“राजधानीचा रस्ता बंद आहे.”

“उघडल्यावर येतील.”

पिवळा दिवा लाल झाला. आत मशीनची गुरगुर खाली खाली उतरत गेली, एखादा वादक घर जवळ आल्यावर उगाच वाजवतो तशी. बाबा खाटेवर उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ जांभळे. सजावटीचाच जांभळा. मी दारात केरसुणी धरून उभी. ‘स्पर्शमुक्त’ हा शब्द माझाच होता, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेलाही मी मनात त्याला पळवाट शोधत होते. सरळ वर चढावं हे मला सुचलं नाही. इतकी मी चांगली चिटणीस आहे.

“ओदिलिया,” बाबा म्हणाले. मग थांबले. मग पुन्हा, एकेक शब्द उचलून ठेवत, “मी... ऐतिहासिक व्हायला... अजून... तयार नाही.”

आर्कींनी बाबांकडे पाहिलं. मग छत्री घेऊन ते बाहेर गेले, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या फुटपाथवर, पहिल्या दिवशी जिथे उभे राहिले होते त्याच फरशीवर उभे राहिले.

“सेन्यो,” त्यांनी तिकडून हाक मारली, “इथून काही दिसत नाही. तसं मी मागेच लेखी दिलंय.”

“आणि माता?” मी विचारलं. सवय जात नाही.

“माता देवळात आहे. दार लावून घेतलंय. राख आत जाते.”

मी चढले. दोन्या चुसने शिडी धरली. ओली केली की राखेचं सिमेंट होतं, हे इथे पोराबाळांना कळतं, म्हणून कोरडीच झाडायची होती, वरून खाली, हलक्या हाताने. हात हलका होता. बाकीची मी हलकी नाही. पहिलं कौल माझ्या उजव्या पायाखाली गेलं, दुसरं गुडघ्याखाली, तिसरं नेमकं कशाखाली हे मी अहवालात लिहिलेलं नाही. तिन्ही कौलं भूकंपातून वाचलेली होती.

“अगं सावकाश,” दोन्या चुस खालून म्हणाली. “नियमाप्रमाणे तिथे मांजरच चालतं.”

“शिडी धर तू.”

“धरलीय. शिडीच मला धरून आहे.”

मी झाडत गेले. पहिलं पॅनेल काळं झालं, दुसरं झालं. डोळ्यांत राख, तोंडात राख. राखेआडून सूर्य कुठे आहे हेही धड कळत नव्हतं. ढगामागे नाण्यासारखा एक फिकट गोल. त्याला उद्देशून मी काही बोलले. ती प्रार्थना नव्हती. आमच्या मंडळाच्या चिटणिसाने बोलावी अशी भाषाही नव्हती. चौथं पॅनेल संपवून मी पालथी पडून कान कौलांना लावला.

आधी काही नाही. मग छपराखालून बारीक गुरगुर आली. खर्जातली, बेसूर. आणि थोड्या वेळाने तिच्यासोबत दुसरी एक, सुरातली: बाबा तोंडाने ट्युबा वाजवत होते. सावकाशीतला मार्च.

रस्त्यापलीकडे आर्की बाउदिलियो छत्रीखाली उभे राहून आभाळाकडे बघत होते. त्यांना काहीही दिसत नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. तीन कौलं फुटल्याबद्दल कौलमित्र मंडळाच्या चिटणिसाने गुन्हेगार बाईकडे खुलासा मागितला. बाईने दिला. चिटणिसाला तो समाधानकारक वाटला नाही. तिने कडक समज दिली आणि बाईने ती खाली मान घालून ऐकली. कचेरीने चौकशीअंती ‘राख झाडण्याचा विधी’ प्रकाशवेदीच्या परंपरेत समाविष्ट केला, आणि एकरूपता राहावी म्हणून दरवेळी तीन कौलं फोडायचं ठरलं. मी आता वजन कमी करू शकत नाही. मी परंपरेची वाहक आहे.

तुम्हीही याल कधीतरी. ऐतिहासिक शहरं बघायला माणसं येतातच. ती लोकांची घरं असतात हे आल्यावर कळतं. तुम्ही दारातली पाटी वाचाल, अंगणातून कौलांचा फोटो काढाल, आणि पॅनेलाचा तो एक कोपरा फोटोत येऊ नये म्हणून जरा डावीकडे सराल. ‘छान जपलंय हो यांनी, फक्त तेवढं ते छपरावरचं नको होतं,’ असं सोबतच्या माणसाला म्हणाल. बरोबरच आहे. मीही म्हणायचे. एवढे फोटो काढून मोबाइल संपत आलेला असेल, म्हणून मग आत याल आणि विचाराल, कुठे लावू.

भिंतीवर फळी आहे, तिला दोन प्लग आहेत. डावीकडचा घ्या. उजवीकडचा काढू नका. त्याला बाबा लावलेले आहेत.